मडके बायकांचे, अबकारी सरकारची



या खेपेला जिल्हा मेळाव्यात दारूचा विषय घ्याच, असा आग्रह महिला कार्यकर्त्यांनी धरला आहे. हा विषय निघाला की सभेत काय होते ते आम्ही गावोगाव पाहतो. बाया म्हणतात, दुकान बंद करा. बापे माना खाली घालतात. मग मागून एखादा हुशार उठतो आणि विचारतो, "धान्यापासून दारू झाली तर ज्वारीला भाव येईल ना? मग आपण विरोध कशाला करायचा?" बायांची मागणी खरी आहे आणि या गड्याचा प्रश्नही टाळण्यासारखा नाही. दोन्हींचे उत्तर शोधायचे तर ज्वारीच्या माहेरापर्यंत जावे लागते. ते माहेर आफ्रिकेत आहे.

ज्वारी माणसाच्या हाताखाली आली ती पूर्व सुदानच्या बाजूला, पाचएक हजार वर्षांपूर्वी. तिथून ती आपल्याकडे आली. कृषी महाविद्यालयात आम्हाला ज्वारी शिकवली ती भाकरीचे आणि कडब्याचे पीक म्हणून. १९६४ साली आलेल्या सीएसएच-१ या संकरित वाणाची वंशावळ आमच्याकडून घोकून घेतली. पण ज्या खंडात ही ज्वारी जन्मली, तिथे ती भाकरीइतकीच मडक्यासाठी पिकते, हे कुणी सांगितले नाही. सुदानात तिची मरिसा होते, बुर्किना फासोत डोलो, घानात पितो, दक्षिण आफ्रिकेत उमकोम्बोथी. नावे वेगळी, पण वस्तू एकच: ज्वारीची आंबवलेली, गढूळ, आंबट, पातळ बिअर.

ती कशी करतात हे सांगतो, कारण त्यातले निम्मे आपल्या घरात रोज घडते. आंबवण घडवते ते किण्व, म्हणजे यीस्ट, आणि किण्वाला साखर लागते. ताडीत, मोहफुलात, द्राक्षात साखर आयती असते. म्हणून ती आपोआप आंबतात. धान्यात असतो स्टार्च. तो किण्वाला खाता येत नाही. साखर तिथे कुलपात आहे असे समजा. वेगवेगळ्या मुलखांनी या कुलपाला वेगवेगळ्या किल्ल्या शोधल्या. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज डोंगरात बायका मका चावून लाळेने तो फोडत. चीन-जपानने भातावर बुरशी वाढवली. छोटानागपूरचे आदिवासी हंडियासाठी भातात रानूच्या गोळ्या घालतात. आफ्रिकेने सगळ्यात सोपी किल्ली निवडली, ती म्हणजे मोड. दाणा भिजला, कोंब फुटला की कोंबाला खाऊ घालण्यासाठी दाणा स्वतःच आपल्या स्टार्चची साखर करू लागतो. आपल्या नाचणी सत्त्वाची गोडी याच कारणाने येते.

तिकडची बाई लाल ज्वारी घेते. लाल दाण्यात तुरटपणा असतो, त्यामुळे पाखरे तिला फारशी शिवत नाहीत. ज्वारी दिवसभर भिजवायची, ओल्या गोणपाटाखाली चारपाच दिवस मोड काढायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे, मोड आणि मुळ्या हाताने चोळून पाखडायच्या आणि दाणा जाडाभरडा दळायचा. हे झाले माल्ट. (पाखडणे महत्त्वाचे आहे. कोवळी ज्वारी खाऊन ढोर दगावते हे तुम्हाला सांगायला नको. तेच विष कोंबात तयार होते. म्हणून मटकीसारखे ज्वारीचे मोड कच्चे कधी खाऊ नयेत.) मग पीठ कोमट पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवायचे. सकाळी त्याला आंबूस वास येतो.

इथपर्यंत आले की आपल्या कोणत्याही आजीने ओळखावे. ही आंबील आहे. वऱ्हाडात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला जी ज्वारीची आंबील लागते तीच. आपण तिथे थांबतो, ताक-मीठ घालून शिजवतो आणि वाढतो. आफ्रिकेतली बाई ती शिजवून निववते आणि त्यात माल्ट कालवून आणखी एकदोन दिवस ठेवते. किण्व वेगळे विकत आणावे लागत नाही. ते माल्टवर आणि जुन्या मडक्याच्या अंगाला असते. गवताच्या विणलेल्या गाळणीतून गाळले की पेय तयार. त्यात मद्यार्क साधारण तीन टक्के. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्यावे लागते, कारण आंबणे थांबत नाही. चारपाच दिवसांत ते इतके आंबते की पिण्याच्या लायकीचे राहत नाही.

हे न टिकणे नीट लक्षात घ्या, पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. जे पेय चार दिवसही टिकत नाही त्याची साठेबाजी होत नाही, ते बैलगाडीत घालून शंभर कोसांवर नेता येत नाही, त्याचा मक्ता घेऊन सावकाराला बसता येत नाही. ते गावात होते आणि गावातच संपते. नांगरटीला, काढणीला, लग्नाला, मयताला. करणारी बाई, ज्वारी तिच्या कणगीतली, आणि दोन मडकी जास्त झाली तर त्याचे पैसेही तिच्याच पदराला. हे पेय पिऊन कुणी झिंगत नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. पण तीन टक्क्यांचे, पोटात अन्नही घालणारे गढूळ पेय आणि ४२.८ टक्के मद्यार्काची देशी दारूची बाटली या दोन वस्तूंना एकाच शब्दाने हाक मारणे हे अज्ञान तरी आहे, नाही तर लबाडी.

आंबवणे माणसाला कधी जमले? चीनमधल्या जियाहू येथे सापडलेल्या सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळे एकत्र आंबवल्याच्या खुणा सापडल्या, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. माणूस शेतीला लागला तो भाकरीसाठी की बिअरसाठी, यावर १९५३ साली शास्त्रज्ञांची रीतसर चर्चा झाली होती आणि वाद अजून मिटलेला नाही. आमचे मत विचाराल तर दोन्हींसाठी. मडके एकच होते.

पण धान्याचे पेय बाजारात आले की राजा मध्ये आलाच. बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या कायद्यात एक कलम आहे: दारू विकणाऱ्या बाईने किंमत म्हणून धान्य घ्यायला नकार दिला, चांदी मागितली आणि धान्याच्या मानाने दारूचे माप कमी दिले, तर तिला पाण्यात टाकावे. शिक्षा अघोरी आहे. पण धान्याचा भाव मारणे हा त्या काळी गुन्हा होता हे वाचून आम्हाला नवल वाटले. हे कलम पुढच्या कोणत्याही सरकारने चालू ठेवलेले दिसत नाही. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूवर नेमलेला स्वतंत्र अधिकारी आहे, सुराध्यक्ष. कर आहे, दंड आहे. तरीही कुटुंबवाल्यांना कार्यप्रसंगी घरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायची मोकळीक आहे, उत्सव-जत्रांना चार दिवसांची सूट आहे. राजाने बाजार धरला, पण घरातले मडके सोडले. ते मडके फोडले ते नंतरच्या राजांनी.

दक्षिण आफ्रिकेतले डर्बन हे बंदर. गोदीत आणि घरकामाला हजारो झुलू पुरुष खेड्यांतून आलेले. त्यांच्यामागे बायका आल्या आणि शहरात मडकी लावून पोट भरू लागल्या. १९०८ साली तिथल्या नाताळ वसाहतीने कायदा केला आणि ज्वारीची बिअर करण्याची आणि विकण्याची मक्तेदारी नगरपालिकेला घेता येईल असे ठरवले. पुढच्याच वर्षी डर्बन नगरपालिकेने स्वतःची बिअरघरे उघडली. त्या दिवसापासून बाईने केलेली बिअर बेकायदा आणि पालिकेने केलेली तीच बिअर कायदेशीर. ज्वारी तीच, पाणी तेच, रीत बायकांचीच. नफा मात्र पालिकेच्या काळ्यांसाठीच्या खात्यात जमा होऊ लागला. त्यातून काळ्या मजुरांच्या बराकी बांधल्या आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा कारभार चालवला. गोऱ्या करदात्याला तोशीस नाही. मजुराने प्यायचे आणि त्याच पैशातून त्याच्यावर राज्य करायचे! या पद्धतीला 'डर्बन पद्धत' असेच नाव पडले आणि १९२३ च्या कायद्याने इतर शहरांनाही ती मोकळी झाली.

बायका गप्प बसल्या नाहीत. १९२९ साली डर्बनच्या गोदी कामगारांनी बिअरघरांवर बहिष्कार टाकला आणि नाताळच्या लहान गावांत बायकांनी बिअरघरांवर मोर्चे नेले. १९५९ च्या जून महिन्यात डर्बनच्या केटो मॅनर वस्तीतल्या बायका काठ्या घेऊन बिअरघरात घुसल्या, पिणाऱ्यांना बाहेर हाकलले आणि पिंपे ओतून दिली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. वरवर पाहणाऱ्याला ही दारूबंदीची चळवळ वाटेल. ती अर्धी तशी होतीही, कारण नवऱ्याचा पगार घरी यायच्या आधी बिअरघरात संपत होता. पण राग दुहेरी होता. आमचे मडके फोडता, आमची कमाई हिसकावता आणि आमच्याच नवऱ्यांना तुमच्या दुकानात पाजता? १९७६ साली सोवेटोची पोरे उठली तेव्हा त्यांनीही सरकारी बिअरघरे जाळली.

आता घरी या. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. घरची, पाड्यावरची भट्टी गुन्हा झाली, ताडी काढायच्या झाडावर कर बसला, आणि दारू यायची ती उरणसारख्या ठिकाणच्या मध्यवर्ती भट्ट्यांतून. १८९२ साली तर 'मोह कायदा' केला. ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले गोळा करून साठवण्यावरच बंधन. मोह हे आदिवासींचे दुष्काळातले अन्न. पण फुलात साखर आहे, म्हणून फूलच गुन्हेगार. स्वातंत्र्य आले, १९४९ चा दारूबंदी कायदा आला, पुढे परवाने आले, ठेके आले. मोहफुलाच्या साठवण-वाहतुकीवरची बंधने महाराष्ट्र सरकारने उठवली ती २०२१ साली.

मधल्या काळात कोरडवाहू मुलखात काय झाले? तुमच्या गावच्या ठेक्यावर जी देशी विकली जाते ती मुख्यतः साखर कारखान्याच्या मळीपासूनच्या मद्यार्काची असते. म्हणजे बागायती मुलखातले सांडपाण्याच्या लायकीचे उरलेसुरले कोरडवाहू मुलखातल्या मजुराच्या घशात, त्याची मजुरी ठेकेदाराच्या गल्ल्यात आणि शुल्क सरकारच्या तिजोरीत. कापूस वेचणाऱ्या बाईचा आठवड्याचा हिशोब त्या खिडकीत संपतो. पुढे कर्जापायी एखाद्याने जीव दिला की त्याचे प्रकरण मदतीला अपात्र ठरवताना कागदावर कारण येते, 'मयत व्यसनी होता'. परवाना देणारे, शुल्क घेणारे आणि हा शेरा मारणारे सरकार एकच. ही डर्बन पद्धत नव्हे तर काय?

आता मागून उठलेल्या त्या गड्याचा प्रश्न. २००७ साली महाराष्ट्र सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देणारे धोरण आणले. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी विकली जाईल, कोरडवाहू शेतकऱ्याला भाव मिळेल, असे सांगितले गेले. कारखानदाराला लिटरमागे दहा रुपये अनुदान ठरले. हिशोब करू. एक क्विंटल ज्वारीतून साधारण ३८ लिटर मद्यार्क निघतो. म्हणजे क्विंटलमागे ३८० रुपये अनुदान. त्या वर्षी संकरित ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला होती ६०० रुपये. नांगरणी, पेरणी, निंदणी, राखण करणाऱ्याला सहाशे, तेही मिळाले तर. आणि दाणा उकळणाऱ्याला वरून तीनशे ऐंशी. हेच पैसे ज्वारीच्या खरेदीत घातले असते तर भाव ९८० झाला असता आणि त्यासाठी एक थेंब दारू करावी लागली नसती. धोरणाविरुद्ध राज्यभर ओरड झाली ती नीतीच्या अंगाने, आणि ती व्हायलाच हवी होती. पण भावाचा हा हिशोब फार थोड्यांनी मांडला.

शेतीशास्त्राची एक गोष्ट इथे सांगणे भाग आहे. मद्यार्काच्या कारखान्याला दाणा जिवंत लागत नाही. तो बाहेरची विकरे घालून स्टार्च फोडतो. त्याला काळी, बुरशीची, पोचट ज्वारी चालते, किंबहुना तीच हवी असते, कारण ती स्वस्त. अशा गिऱ्हाइकाने भाव चढत नाहीत, खराब मालाच्या भावाला टेकू मिळतो एवढेच. माल्टचे उलट आहे. मोड काढायचा तर दाणा जिवंत पाहिजे, एकसारखा पाहिजे, बुरशी नको. माल्ट करणारा चांगल्या मालाला चांगला भाव दिल्याशिवाय जगू शकत नाही.

हे हवेतले बोलणे नाही. नायजेरियाने १९८८ साली बार्लीची आयात बंद केली. तिथल्या मोठमोठ्या बिअर कंपन्यांना झक मारून देशी ज्वारी-मक्याकडे वळावे लागले, आणि त्या वळल्या. त्याची दुसरी बाजू केनियाने दाखवली. तिथे विषारी गावठी दारूने २००० साली नैरोबीत शंभरावर माणसे मेली. त्यावर तोड म्हणून २००४ पासून 'सिनेटर' नावाच्या स्वस्त बिअरला शुल्कात सूट दिली गेली. पुढे ती ज्वारीपासून होऊ लागली, हजारो कोरडवाहू शेतकरी करारावर ज्वारी पेरू लागले. २०१३ साली सरकारने निम्मे शुल्क लावले. खप कोसळला, कंपनीने खरेदी आखडली, शेतकऱ्याच्या घरी पोती पडून. पुन्हा सूट द्यावी लागली. एकच गिऱ्हाईक आणि एकाच सरकारी सहीवर टांगलेला भाव म्हणजे काय ते कापूस एकाधिकार पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

विषारी दारूचे निघाले म्हणून सांगतो. मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभरावर माणसे मेली ती घरच्या आंबवणाने नव्हे, तर कारखान्यातले मिथेनॉल दारूत मिसळल्याने. धान्याच्या साध्या आंबवणात माणूस मारण्याइतके मिथेनॉल तयार होत नाही. ते चोरीच्या पिंपातून येते. ते पिंप जिथून निघते तिथे पहारा ठेवायचा सोडून पाड्यावरच्या म्हातारीचे मडके फोडून फोटो काढण्यात खात्याला धन्यता वाटते.

मग आमचे म्हणणे काय? घरोघर मडकी लावा असे आम्ही सांगत नाही. आजच्या कायद्यात ते बसत नाही, आणि ज्या घरात एकदा बाटली शिरली आहे तिथे मडकेही निरागस राहत नाही. बंदीने सगळे सुटते असेही आम्ही मानत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे; चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. दोन्हीकडच्या बाया तुम्हाला दोन्ही बाजू सांगतील. आमचा मुद्दा एवढाच की हा निर्णय ज्या घरात दारूचा मार बसतो त्या घराने आणि त्या गावाने घ्यावा, तिजोरीने नाही. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने दारूबंदी करण्याचा किंवा तिचे नियमन करण्याचा हक्क दिलेला आहे. तो कागदावरून ग्रामसभेत आणावा लागेल. इतर गावांत बाया आडव्या बाटलीला मतदान करू शकतात. पण तिथे झालेल्या मतांच्या नव्हे, गावच्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात. कामावर गेलेली, माहेरी गेलेली, मेलेली पण यादीत राहिलेली, अशी प्रत्येक बाई ठेकेदाराच्या बाजूने मोजली जाते. आमदार निवडायला अशी अट लावली तर विधानसभेत किती बाके भरतील? ही अट बदलून झालेल्या मतांचे बहुमत धरावे, असा ठराव मेळाव्यात यावा.

आणि ज्वारीचे म्हणाल तर मडक्याची निम्मी वाट आजही मोकळी आहे. माल्ट ही दारू नव्हे, त्याला अबकारीचा परवाना लागत नाही. आंबील ही दारू नव्हे. दक्षिण आफ्रिकेत महेवू नावाची मक्याची आंबील डब्यात भरून दुकानोदुकानी विकली जाते. आपल्याकडे २०२३ साली भरडधान्य वर्ष झाले, ज्वारीला 'श्री अन्न' म्हणून हारतुरे झाले, शहरात बिस्किटे आली. आंबील बाटलीत भरून विकण्याचा विचार मात्र कुणाला सुचला नाही. ती करणारी बाई त्या समारंभांना बोलावलेली नव्हती.

मेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी महिला कार्यकर्त्या ज्वारीचे माल्ट आणि त्याची आंबील करून दाखवणार आहेत. प्रत्येक तालुक्याने पाच किलो ज्वारी आणावी. या हंगामातली, न भिजलेली, औषध न लावलेली. बियाण्याची पिशवी फोडून आणू नये. काळी ज्वारीही किलोभर वेगळी बांधून आणावी, म्हणजे दोन्हींना किती मोड येतात ते शेजारी शेजारी ठेवून मोजता येईल. दारूच्या ठरावावर आधी बाया बोलतील, बाप्यांनी मागे बसावे.